बिऱ्हाडाची जागा: मुंबईतील कुटुंबवस्त्यांचा इतिहास

एखादी वस्ती कुटुंबाला मानवेल की नाही, हा प्रश्न आज शहरात घर शोधणाऱ्या प्रत्येकाला सवयीचा वाटत असला, तरी मुंबईच्या इतिहासात तो फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य मुंबईकरांपुढे तो उभाच राहिला नव्हता. १९०१ च्या जनगणनेनुसार शहरात हजार पुरुषांमागे सहाशेच्या थोड्या वर स्त्रिया होत्या, आणि पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण आणखी घसरून सव्वापाचशेच्या आसपास आले. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत कामाला येणारा पुरुष बायकामुलांना गावी ठेवून येई, एकाच गावच्या किंवा भावकीतल्या गड्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या 'बैठकीच्या खोली'त वळकटी टाके, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपे आणि खानावळीत जेवे. गोव्याहून येणाऱ्या खलाशांची व आचाऱ्यांची सोय धोबीतलाव परिसरातील 'कुडीं'मध्ये, म्हणजे गावागावांनी आपल्या माणसांसाठी चालवलेल्या सामायिक वसतिस्थानांमध्ये, होत असे. या व्यवस्थांमध्ये आजारपणात पाठीशी उभे राहणारे शेजारी होते, उसनवारी होती, मृत्यूनंतरची जबाबदारीही होती. परंतु लहान मूल वाढवण्याची जागा म्हणून त्यांचा विचार कोणी केला नव्हता. मुंबईत 'बिऱ्हाड करणे', म्हणजे बायकामुलांना आणून स्वतंत्र चूल मांडणे, हा मिळकतीचा आणि धाडसाचा असा दुहेरी निर्णय होता, आणि त्यासाठी जागा पारखण्याचे निकष साधारणपणे १८९६ ते १९४० या काळात, एका साथीच्या, एका कायद्याच्या आणि अनेक कुटुंबांच्या स्वतःच्या खटपटीच्या रेट्याने घडत गेले.

बिऱ्हाड करणाऱ्या पांढरपेशा वर्गाची या आधीची हक्काची जागा गिरगाव ही होती. कोटातील कचेऱ्या, न्यायालये, छापखाने आणि शाळा-महाविद्यालये पायी गाठता येतील इतक्या अंतरावर असलेल्या फणसवाडी, मुगभाट, आंग्रेवाडी, झावबावाडी अशा वाड्यांमध्ये जुन्या बागायतींच्या जमिनीवर चाळी उभ्या राहिल्या होत्या. चाळ म्हणजे एका लांब सज्जाला लागून ओळीने असलेल्या एकदोन खोल्यांच्या बिऱ्हाडांची बहुमजली इमारत. मोरी खोलीत, संडास मात्र मजल्याच्या टोकाला सामायिक. इथे जागा निवडण्याची पद्धत जवळजवळ सर्वस्वी ओळखीवर चाले. जातीचा, गावचा किंवा कचेरीतला कोणीतरी आधीच त्या चाळीत राहत असे, त्याच्या शब्दावर घरमालक खोली देई आणि त्याच्याच भरवशावर नवी सून किंवा विधवा आई शहरात आणली जाई. सज्जा ही कुटुंबाच्या दृष्टीने चाळीची सर्वांत मोलाची गोष्ट होती, कारण घरात दहा बाय बाराची खोली असली तरी मुलांवर पंधरावीस बिऱ्हाडांची नजर राही. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होऊ शकला, तो केवळ राजकीय प्रेरणेमुळे नव्हे. एकत्र वर्गणी काढण्याची, एकत्र निर्णय घेण्याची आणि एकमेकांच्या घरातल्या स्त्रियांना निर्धास्तपणे बाहेर पडू देण्याची सवय त्या सज्जांवर आधीच तयार झालेली होती.

या ओळखीच्या भरवशाला पहिला जबर धक्का दिला तो प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळ गोमंतकीय असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले आणि काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ च्या गणनेत ७,७६,००६ इतकी खाली आली. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये शहरात आले होते. पण आलेले पाणी वाहून नेणाऱ्या गटारांची व्यवस्था त्या वेगाने वाढली नव्हती, त्यामुळे दाट वस्तीतील जमीन कायम ओली राही. दोन इमारतींच्या पाठींमधल्या अरुंद गल्ल्या, ज्यांतून मैला उचलला जाई, त्या उजेडापासून पूर्ण वंचित होत्या. अधिकाऱ्यांनी राहण्यास अयोग्य ठरवलेल्या खोल्यांवर 'यू.एच.एच.' ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जाऊ लागली, आणि घर चांगले की वाईट हे घरात राहणाऱ्याने नव्हे तर बाहेरच्या तपासनिसाने ठरवावे, ही कल्पना मुंबईत प्रथमच सक्तीने राबवली गेली. त्या सक्तीची क्रूरता विसरता येत नाही. पण जागेतला उजेड आणि वारा ही मोजता येणारी, मागता येणारी गोष्ट आहे, ही जाणीव सर्वसामान्य भाडेकरूपर्यंत याच काळात पोहोचली, हेही तितकेच खरे आहे.

१८९८ च्या कायद्याने 'मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' हे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर नव्या वस्त्या आखणे, अशी त्याच्या कामाची दोन अंगे होती. पहिल्या अंगाने हजारो खोल्या पाडल्या आणि त्यांच्या जागी तितक्या बांधल्या नाहीत, ही टीका त्या काळापासून होत आली आहे आणि ती रास्त आहे. १९०९ पासून दहा वर्षे ट्रस्टचे अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर यांनी आग्रहाने मांडलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मात्र कुटुंबवस्तीच्या इतिहासात वेगळी नोंद मागतो. सर्वांत खालच्या खोलीलाही आकाश दिसले पाहिजे, यासाठी खिडकीसमोरच्या मोकळ्या जागेची रुंदी समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी हवी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. भूमितीतल्या एका कोनावरून तळमजल्यावरच्या बाळंतिणीच्या खोलीत ऊन पोहोचेल की नाही हे ठरत होते, आणि दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींमधील अंतरांत तो विचार आजही दिसतो.

दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या आरंभी भातखाचरे, नारळाच्या वाड्या, मिठागरे आणि कोळी, भंडारी, आगरी, पाचकळशी व ख्रिस्ती रहिवाशांची जुनी गावठाणे होती. ट्रस्टने जमीन ताब्यात घेतली, सखल भाग भरले, रस्ते, गटारे आणि उद्याने आखली आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊ केले. तरीही कित्येक वर्षे हे भूखंड ओस राहिले. याचे कारण बहुधा पहिल्या महायुद्धाच्या काळातील बांधकाम साहित्याच्या टंचाईत शोधले जाते. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. उजेड, वारा, रुंद रस्ता असे सारे ट्रस्टच्या मोजपट्टीत बसत असतानाही गिरगावकराला दादर पटत नव्हते, कारण तिथे मुलांची शाळा नव्हती, रात्री दार ठोठावता येईल असा वैद्य नव्हता, वाणसामानासाठी ओळखीचा दुकानदार नव्हता आणि मुख्य म्हणजे घरातला कर्ता पुरुष दिवसभर कोटात असताना मागे राहिलेल्या स्त्रीला 'आपला' म्हणता येईल असा शेजार नव्हता. आखलेली वस्ती आणि राहण्याजोगी वस्ती यांतले हे अंतर कुटुंबांनी स्वतः भरून काढले, आणि या इतिहासाचा खरा गाभा तिथेच आहे.

अंतराचा प्रश्न वाहतुकीने सोडवला. १९०७ पासून विजेवर धावू लागलेली ट्राम दादरपर्यंत आली. आजही लोकांच्या तोंडी असलेल्या 'दादर टी.टी.' या नावात ट्रामचे ते अखेरचे ठाणे टिकून आहे. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी सुरू झाली आणि १९२८ मध्ये पश्चिम मार्गावर बोरिवलीपर्यंत. महिन्याच्या पासाची रक्कम आणि घरभाडे यांची बेरीज गिरगावातल्या भाड्याशी ताडून पाहणे हा त्यानंतर प्रत्येक कारकुनाच्या घरातला हिशेब झाला.

शेजाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता आणि तो मुख्यतः जातीच्या व समाजाच्या एकत्र स्थलांतराने सुटला. १९१२ च्या सहकारी कायद्याने पतपेढीखेरीज अन्य कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची मुभा दिली होती. तिचा लाभ घेऊन श्रीपाद सुबराव तल्मकी यांच्या पुढाकाराने चित्रापूर सारस्वतांनी १९१५ मध्ये गावदेवीला सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली, जी देशातील अगदी आरंभीच्या अशा संस्थांपैकी एक होय. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेल्या या छोट्या समाजाने भाड्याने घेतलेल्या खोल्यांची पांगापांग टाळून एकत्र राहण्याची ही जी व्यवस्था उभारली, तिच्यात भाडेकरू आणि मालक एकच असतात, ही कल्पना मुंबईकरांना नवी होती. दादरला ट्रस्टमध्येच अभियंता असलेले मंचेरजी एडलजी जोशी यांनी १०३ भूखंड पारशी कुटुंबांसाठी राखून घेतले आणि पाच उद्यानांच्या सान्निध्यात पारशी कॉलनी उभी राहिली. तिच्या शेजारी, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची हिंदू कॉलनी मुख्यतः मराठी आणि गुजराती मध्यमवर्गाने वसवली. माटुंग्यात तमिळ आणि इतर दाक्षिणात्य कुटुंबे एकवटली. त्यांनी आधी देवळाची आणि भजनाची सोय केली व १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढून शाळेचीही. व्हीजेटीआय हे तंत्रशिक्षण महाविद्यालय १९२३ मध्ये माटुंग्याला आले, रुईया आणि खालसा ही महाविद्यालये १९३७ मध्ये निघाली, आणि मुलगा शिशुवर्गापासून पदवीपर्यंत एकाच वस्तीत शिकू शकेल, ही शक्यता निर्माण झाली. मुलीच्या बाबतीत ही सोय अधिक निर्णायक ठरली, कारण जिला लांब पाठवायला घर तयार नव्हते, ती चालत जाण्याच्या अंतरावरच्या महाविद्यालयात पोहोचली.

घराच्या आतही बदल घडत होता. १९३० च्या दशकात लोखंड आणि सिमेंट तुलनेने स्वस्त झाले, १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या मिळून ए.सी.सी. ही कंपनी अस्तित्वात आली, आणि काँक्रीटच्या सांगाड्याच्या तीनचार मजली इमारती दादर-माटुंग्यात भराभर उभ्या राहिल्या. त्यांतल्या घराला मुंबईची मराठी 'ब्लॉक' म्हणू लागली: एका दाराआड दोन-तीन खोल्या, स्वतंत्र स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास. यांतील शेवटची गोष्ट आज क्षुल्लक वाटेल, पण ती स्वीकारणे सोपे नव्हते. ज्या घरात सोवळेओवळे कसोशीने पाळले जाई, तिथे देवघर आणि संडास एका छपराखाली, एकाच भिंतीच्या दोन अंगांना येणे ही मोठीच तडजोड होती; म्हणून अनेक इमारतींमध्ये संडास मागील बाजूला, शक्य तितका स्वयंपाकघरापासून दूर ठेवला गेला आणि तो साफ करणाऱ्या कामगारासाठी पाठीमागून वेगळा जिना काढला गेला. ते जिने अनेक जुन्या इमारतींच्या मागे अजून उभे आहेत. सुखसोय घरात आली, पण ती स्वच्छ ठेवणारा माणूस घराच्या पुढच्या दाराने येता कामा नये, हा नियम वास्तुरचनेतच बांधला गेला.

कुटुंबवस्तीच्या या इतिहासाचे कौतुक करताना तिच्या उंबरठ्यावर कोणाला थांबवले गेले, याची नोंद न करणे अप्रामाणिक ठरेल. ज्या समाजाधारित स्थलांतराने शेजाराचा विश्वास निर्माण केला, त्यानेच बाहेरच्याला दार बंद केले. १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानल्या गेलेल्या भक्ताला पूजेचा अधिकार असावा, अशी मागणी प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उचलून धरली, तेव्हा उसळलेल्या वादातून वस्तीचा हा उत्सव नेमका कोणाचा हे उघड झाले. पुढे प्रबोधनकारांनी दादरमध्ये सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. स्वतः आंबेडकरांचे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले. परदेशातील उच्च पदव्या मिळवून आल्यावरही त्यांचे वाचन, लेखन आणि राजकीय कार्य त्याच परिसरातून चालले. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते प्रामुख्याने आपल्या प्रचंड ग्रंथसंग्रहासाठी. घराचा आराखडा पुस्तकांच्या गरजेतून निघावा, असे उदाहरण त्या काळच्या मुंबईत विरळाच; आणि जन्मावरून कोण कुठे राहील हे ठरवणाऱ्या शहरात ते घर नेमके त्या वस्तीत उभे राहणे, याला स्वतंत्र ऐतिहासिक वजन आहे. त्यांच्या पत्नी रमाबाई आंबेडकर यांचे मे १९३५ मध्ये तिथेच निधन झाले, त्यामुळे त्या घरातील सांसारिक सुख त्यांच्या वाट्याला फार थोडे आले.

सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या बी.डी.डी. चाळींचा अनुभव या संदर्भात फार बोलका आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'ने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे एकूण २०७ काँक्रीटच्या चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. टिकाऊपणात त्या आसपासच्या खासगी चाळींपेक्षा सरस होत्या, आणि तरीही, विशेषतः वरळीत, त्यांतील पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या, कारण भाडे कामगाराला परवडत नव्हते, खोल्या कोंदट होत्या आणि वस्ती ओसाड व गिरण्यांपासून दूर होती. खासगी चाळीचा मालक भाडे थकले तर महिनाभर थांबे, गल्लीतला वाणी उधारी ठेवी, मुकादम कामाची खबर देई. यांतले काहीच सरकारी खोलीबरोबर मिळत नव्हते. कामगार अडाणी असल्यामुळे त्याला चांगल्या घराची किंमत कळत नाही, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला, पण कामगाराचा हिशेब अधिकाऱ्यांच्या हिशेबापेक्षा अधिक पूर्ण होता. पुढच्या दशकांत गावाहून कुटुंबे येत गेली, चाळीचाळीत मंडळे, व्यायामशाळा, भजनाचे फड आणि कबड्डीचे संघ निघाले, आणि ज्या खोल्या कोणाला नको होत्या त्यांतच तीन-चार पिढ्या वाढल्या. अलीकडच्या पुनर्विकासात त्या खोल्यांच्या बदल्यात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याचे ठरले, तेव्हा क्षेत्रफळाइतकीच चर्चा शेजार टिकेल का आणि सज्जाचे काय होणार, याची झाली.

शहराच्या हद्दीबाहेर, साष्टीत, वसलेल्या विलेपार्ल्याचा मार्ग आणखी वेगळा होता. इथे ट्रस्टचा आराखडा नव्हता आणि १९५० पर्यंत हे गाव मुंबई महापालिकेत नव्हतेही. स्वस्त जमीन, विहिरीचे पाणी आणि आगगाडी एवढ्या भांडवलावर आलेल्या मराठी कुटुंबांनी लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर वर्षभराच्या आत, १९२१ मध्ये, पार्ले टिळक विद्यालय काढले आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. दादरमध्ये वस्ती आधी आणि संस्था नंतर आल्या. पार्ल्यात घरे जेमतेम उभी राहत असतानाच शाळा, ग्रंथालय आणि व्याख्यानमाला यांचा संसार मांडला गेला, त्यामुळे पार्ल्याला जाणारे कुटुंब घराबरोबर एक सार्वजनिक जीवनही निवडत होते. पु. ल. देशपांड्यांच्या पिढीची जडणघडण त्या वातावरणात झाली. उपनगरातील घर म्हणजे शहरातील घराची दुय्यम आवृत्ती, हा समज मराठी मध्यमवर्गाच्या मनातून प्रथम पार्ल्याने काढला.

मोकळ्या मैदानाचे महत्त्व शिवाजी पार्कने सिद्ध केले. महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केलेले हे सुमारे २८ एकरांचे मैदान आधी माहीम पार्क म्हणून ओळखले जाई. शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचे नामांतर झाले. मैदानाभोवतीच्या इमारती मुख्यतः १९३० च्या आणि १९४० च्या दशकांतल्या, म्हणजे येथे मैदान आधी आले आणि घरे त्याच्या ओढीने. १९४० मध्ये दादासाहेब रेगे यांनी जवळच बालमोहन विद्यामंदिर सुरू केले. क्रिकेटची जाळी, व्यायाममंदिर, आजीआजोबांचा कट्टा आणि राजकीय सभा हे सारे एकाच कुंपणात नांदणे ही कुटुंबवस्तीची पूर्ण झालेली कल्पना म्हणता येईल, कारण घरातल्या प्रत्येक वयाला तिथे दिवसाचा एक हक्काचा तास मिळत होता.

निवडीचा हा सारा इतिहास १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने एका अर्थाने गोठवला. भाडे जवळजवळ जागच्या जागी राहिल्यामुळे ज्याच्या नावे भाड्याची पावती होती, त्याने घर सोडणे व्यवहाराच्या विरुद्ध ठरले. मालकाने दुरुस्ती थांबवली आणि नव्याने येणाऱ्यास 'पागडी', म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी मोठी रक्कम, मोजावी लागू लागली. वस्ती मानवते का, हा प्रश्न बाजूला पडून जागा सुटणार तर नाही ना, ही चिंता मोठी झाली. ज्या कुटुंबांचे मुलगे लग्नाचे झाले आणि ज्यांना दुसरी खोली मिळेना, त्यांनी मग 'ओनरशिप'च्या, म्हणजे मालकी हक्काच्या, घराचा रस्ता धरला. १९६३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. त्या वाटेने मुलुंड, ठाणे आणि डोंबिवली भरत गेली. गिरगाव-दादरचा मराठी मध्यमवर्ग डोंबिवलीत पोहोचला तेव्हा तिथेही पाणी तुटपुंजे, रस्ते कच्चे आणि गाड्या खच्चून भरलेल्या होत्या, तरी या वर्गाने पार्ल्याचाच क्रम गिरवला: शाळा, वाचनालय, गणेशमंदिराभोवतीचे सार्वजनिक जीवन. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा डोंबिवलीतल्या त्याच मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केली आणि ती तिथून मुंबईत, थेट गिरगावापर्यंत, पसरली.